तुमची चौऱ्याऐंशीची लय

प्रिय बाबा,

तुम्ही असताना मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. मेसेजवर भागायचं. आज लिहितेय, कारण आज दुपारी मला एक चूक सापडली. चूक माझी आहे आणि ती तुम्ही भोगलीत.

आई महिनाभर मागे लागली होती, "त्या खोलीतलं वायरींचं जंजाळ आवर एकदाचं." आज रविवार. दुर्गापुऱ्यात हे असं ऊन, कूलरसमोरून उठावंसंही वाटत नव्हतं. तरी उठले. आपले दोन्ही लूपर टेबलाखाली तसेच जोडलेले होते. तुम्ही त्यांना पोपट म्हणायचात. वाजवलेला तुकडा पकडायचा आणि पायाने बंद करेपर्यंत तोच घोकत राहायचं!

कपाटात ठेवण्याआधी मेमरी पुसावी म्हणून तुमचा चालू केला. तुमचा रूपक तालाचा ठेका वाजायला लागला. ती ती ना धी ना धी ना.

मी रडले नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. मला तेवढंच येतं. सात मात्रा, बरोबर पाच सेकंद. म्हणजे मिनिटाला चौऱ्याऐंशी, आपली ठरलेली लय. आणि लूपरच्या स्क्रीनवर शहाण्णव!

आठवतं ना हे शहाण्णव? गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीसाठी बसवत होतो तेव्हाचं. योजना माझीच. तुमच्या लूपरमध्ये ठेका, माझ्यात आधीच भरलेली पेटीची धून, दोघांमध्ये मिडीची केबल. त्या केबलमधून आवाज जात नाही, मात्रेला चोवीस ठोके जातात फक्त. तुमचं यंत्र ते पाठवणार, माझं त्यांच्या मागून चालणार. मी मोकळेपणी गाणार आणि तुम्ही आपल्याच ठेक्यावर हवं ते वाजवणार.

पहिल्याच दिवशी धून पुढे पळाली.

"बाबा, लय चढवताय तुम्ही."

"नाही गं."

"आकडा समोर दिसतोय."

तुम्ही पुन्हा वाजवलंत. पुन्हा शहाण्णव. "मतलब, दर वेळी मोजून तेवढीच चढवतो का मी?" तुम्ही हसत विचारलंत. हा प्रश्न मला का पडला नाही? इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर तर मी होते!

दोन दिवसांनी तुम्ही बोटं मोजत म्हणालात, "माझी सात आवर्तनं झाली की दोघांची सम एकदा बरोबर जुळते. बघ तू. चुकणारा हात असा नेमाने चुकतो का?"

मी म्हणाले, "योगायोग असेल."

माझ्या लूपरला मी सात मात्रांचं सेटिंग केलं होतं. तुमच्यात करायचं राहिलं. तो चाराच्याच पटीत मोजत होता, त्याने तुमच्या सातच्या जागी आठ धरल्या आणि ठोकेही त्याच हिशोबाने माझ्या लूपरला पाठवले. चौऱ्याऐंशी गुणिले आठ, भागिले सात. शहाण्णव. शाळेतलं गणित आहे, बाबा.

मग तुम्ही आकड्यासाठी वाजवायला लागलात. स्क्रीनवर चौऱ्याऐंशी यावं म्हणून ठेका ओढून ओढून खाली आणलात, साडेत्र्याहत्तरपर्यंत. हाही हिशोब मी आजच केला. आकडा जुळला, सम तरी सुटतच राहिली. चाळीस वर्षं तबला वाजवलेला माणूस म्हणाला, "आता मलाच कळेना लय कुठे आहे ते. तू मशीनचाच ठेका लाव." मी लावला. वेळ वाचला असं वाटलं मला.

कार्यक्रमात तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलात. मंडळाचे पेंडसे काका सगळ्यांदेखत ओरडले, "काय साहेब, आज तबला रजेवर?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी माइकवरून म्हणाले, "बाबांची लय आता टिकत नाही." लोक हसले. तुम्हीही हसलात.

त्यानंतर तबल्याची खोळ निघाली नाही. मार्चमध्ये तुम्ही गेलात.

तुम्ही भांडला का नाहीत? भाजीवाल्या भैयाच्या वजनकाट्यावर तुमचा कधी विश्वास नव्हता! माझ्या डब्यावर एवढा कसा बसला?

आज तुमच्या लूपरला सात सांगितलं. स्क्रीनवर चौऱ्याऐंशी आलं. केबल तीच, दोन्ही चालू केले. वीस मिनिटं ऐकलं, सम एकदाही सुटली नाही. आनंद वगैरे झाला नाही. फार दमल्यासारखं झालं.

आई दारात येऊन उभी राहिली. "हे त्यांचं वाजवणं ना?"

"हो."

"मग बरोबर वाजतंय की!"

तिला सगळं सांगितलं. ती आत येऊन टेबलापाशी बसली. मग म्हणाली, "मी त्यांना म्हटलं होतं, एकदा तिला मशीन बघायला सांगा. तर म्हणाले, ती शिकलेली आहे, तिने बघितलंच असेल."

बघितलं नव्हतं, बाबा.

मेमरी पुसलेली नाही. ठेका कॉम्प्युटरवरही काढून ठेवलाय, दोन ठिकाणी.

येत्या गणपतीत त्याच मंडळात, त्याच माइकवर, गाण्याच्या आधी मी सांगणार आहे की बाबांची लय बरोबर होती आणि चूक माझी होती. चार लोकांत असलं बोलणं मला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे. पेंडसे काका काहीतरी विनोद करतील. करू देत. केबल, सेटिंग, आठ आणि सात, यातलं काहीही सांगणार नाही. समजावत बसले की माझी चूक मलाच लहान वाटायला लागते. दोन वाक्यं बोलेन आणि तुमचा ठेका सुरू करेन. माझी धून त्याच्या मागून येईल.

तुमचीच,
मुक्ता