पाच पिनांची केबल

३ फेब्रुवारी
फजिती! आळीत कुणाचाही टीव्ही बिघडला की मला बोलावतात, आणि आज दिनानाथकाकांकडे साधा जुना डीव्हीडी प्लेअर जोडता येईना. लेकीच्या लग्नाची डीव्हीडी बघायची होती त्यांना. नेहमीच्या तीन पिना असत्या — पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाच्या — तर चुटकीसरशी झालं असतं. ही पाच पिनांची केबल. चित्रालाच तीन: हिरवी, निळी, लाल. आवाज आला, पण चित्र अंधारलेलं, नवरा-नवरी म्हणजे नुसते डाग. केबल खराब आहे असं सांगून निघालो.

४ फेब्रुवारी
नवी केबल आणली. तरी तेच! धाकटी बहीण मनाली सोबत होती. वाकून बघितलं आणि म्हणाली, "दादा, हिरव्यात लाल घातलीस."

मला वाटलं, चेष्टा करतेय. दोन्ही पिना घेऊन दारात उजेडात गेलो. दोन्ही मातकट. सारख्याच!

आता धड बसवत नाही. सोळाला मेडिकल तपासणी आहे. न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवायची नोकरी — बाबा जिथे जन्मभर जहाजावर कंटेनर बांधत-सोडत आले, तिथेच. कंटेनर नीट पकडला की केबिनमध्ये हिरवा दिवा लागतो, नाहीतर लाल. मुलाखतीत मीच घडाघडा सांगितलं होतं.

७ फेब्रुवारी
मनालीच्या फोनवर ठिपक्यांची चित्रं बघितली, मेडिकलला दाखवतात तसली. एकात तिला चौऱ्याहत्तर हा आकडा दिसतो, मला एकवीस. पुढच्यात मला आकडाच नाही. ती रडायला लागली. मी तिच्यावरच खेकसलो. गाढव आहे मी.

९ फेब्रुवारी
सगळे आकडे क्रमाने पाठ करतोय. शाळेत सनावळ्या कधी पाठ झाल्या नाहीत, हे मात्र होतंय!

मनाली म्हणते, दिवे कसे पाठ करणार? मी म्हटलं, कुठला दिवा कुठल्या बाजूला ते लक्षात ठेवीन. ती फोन घेऊन उठून गेली.

१२ फेब्रुवारी
आई विचारते, एवढा का करवादतोस? काही नाही म्हटलं.

१६ फेब्रुवारी
पास!! डॉक्टर भराभर पानं उलटत गेले, मी भराभर आकडे सांगत गेलो. आईने आळीत पेढे वाटले. फोन वाजला की आधी नंबर बघतो — परत बोलावतायत की काय. मनाली माझ्याशी बोलत नाही.

१७ फेब्रुवारी
बाबांनी मुकादमाला सांगून माझ्या पाळीत बदली करून घेतली. म्हणाले, "आता वर माझा पोर हाय. खाली मला कसली भीती न्हाय."

गच्चीवर गेलो. कंपनीच्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, "साहेब, मला लाल-हिरवा कळत नाही."