कोळसेवाला विरुद्ध मनोरा

६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू थोरला भाऊ, म्हणून वयाचा मान राखून सांगतो, तुझा कोळसेवाला माझ्या मनोऱ्यासमोर आला असता तर दुसऱ्या फेरीत आडवा झाला असता. परवा टीव्हीवर मनोऱ्याची बॉक्सिंगची लढत पाहिली. त्याचा डावा हात म्हणजे हात नाहीच, शिडी आहे. समोरच्याला त्या हाताच्या अलीकडे येताच आलं नाही. तुझा जुना चॅम्पियन त्याच्या जेमतेम खांद्याला लागेल. तरुणपणी कोळशाची पोती वाहून त्याचे खांदे भरले हे मान्य, पण पोती उलटून ठोसे मारत नाहीत.

यावर तू तुझं पालुपद सुरू करशील ते मला पाठ आहे. त्याला कितीही मारा, तो हसतो आणि पुढे येतो. बाराव्या-तेराव्या फेरीत समोरच्याचे हात जड झाले की मग याचा खेळ सुरू होतो. अरे, पण तिथवर पोचायला आधी दुसरी फेरी पार करावी लागते! शिवाय आता पंधरा नाही, बाराच फेऱ्या असतात. नियम त्याच्या काळाचे की याच्या, हे भांडण मनोरा रिंगणात उतरला तेव्हापासून आपण मिटवलेलं नाही, आणि मिटवायची मला घाईही नाही.

इकडे आमच्या क्ष-किरण विभागात नवीन यंत्र आलंय. ते चालवायला शिकवायला जो आला होता त्यालाच ते नीट येत नव्हतं, त्यामुळे आठवडाभर आम्ही सगळे एकमेकांचेच फोटो काढत होतो. आमची ही म्हणते, तुम्ही दोघे भाऊ पत्रात एकमेकांची तब्येत विचारत नाही, पण कधी न झालेल्या मारामारीची मात्र खडान्‌खडा चौकशी करता.

वहिनींना नमस्कार. या पत्राचा राग येऊ दे, म्हणजे उत्तर लवकर येईल. लोभ आहेच, वादही वाढू दे.

तुझा,
धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वर्कशॉपात काम फार आहे. एका शिक्षिकाबाईंचा उजवा पाय आखूड आहे, त्यांच्या बुटाची टाच तिसऱ्यांदा बदलतोय. हॉस्पिटलातून अजूनही चिठ्ठ्या घेऊन लोक येतातच आहेत. सगळ्यांना बूट हवेत, आणि ते इतरांच्या बुटांसारखे दिसायलाही हवेत.

तू मनोऱ्याबद्दल लिहिलंस ते वाचलं. तुझं बरोबर आहे. दुसऱ्याच फेरीत. पहिल्या फेरीत झालं तरी माझी हरकत नाही. आता हा विषय पुरे.

तब्येतीला जप. दोघांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

२७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकटीला लिहितोय. दादाने हार मानली! मी पत्र उलटसुलट करून पाहिलं, अक्षर त्याचंच आहे. तुझं बरोबर आहे, असं त्याने मला जन्मात कधी म्हटलेलं नाही. माझं बरोबर असायचं तेव्हासुद्धा नाही. जिंकल्यावर नाचावं, तर मी दोन दिवस खुळ्यासारखा घरात फिरतोय.

खूप विचार केला. माणूस दोनच वेळा असा माघार घेतो. एक, त्याचं स्वतःचं काही बरं नसेल तर. तसं असलं तर मला खरं सांगा. दुसरं म्हणजे, समोरच्याचं काही बरं नाही असं त्याला कळलं तर. आणि वर त्याने तब्येतीला जप असं लिहिलंय. म्हणून स्पष्टच विचारतो, तुमच्या जाऊबाईंनी माझ्या तपासणीबद्दल काही कळवलं का? नव्या यंत्रावर सरावासाठी माझा फोटो काढला, त्यात मूत्रपिंडापाशी एक सावली दिसली. दुसरी तपासणी झाली, निकाल यायचाय. मी कोणाला सांगू नकोस असं तिला बजावलं होतं.

दादा मला आजारी समजून जिंकू देत असेल, तर त्याला सांगा, मला अशी दया नको. कळवा लवकर. जीव टांगणीला लागलाय. तुमची माया आहेच, ती या वेळी जरा भराभर पोस्टात टाका.

तुमचा,
धाकटा दीर

५ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

कसली तपासणी? कसली सावली? जाऊबाईंनी इकडे अवाक्षर कळवलं नव्हतं. तुम्हीच तुमच्या हाताने सगळं सांगून मोकळे झालात! आता निकाल आल्याबरोबर कळवा, नाहीतर मी हा दुखरा गुडघा घेऊन तशीच गाडीत बसेन.

तुमच्या भावाला आजार नाही. पण बिनसलंय हे नक्की. मला वाटत होतं, तुम्हीच काहीतरी टोचून लिहिलंत. तुमचं पत्र आल्यापासून गप्प. वर्कशॉपातला कोळसेवाल्याचा तो मोठा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटामागे ठेवलाय म्हणे. परवा जेवताना मला विचारलं, माणूस लवकर पडला तर त्याला कमी लागत असेल का? मी म्हटलं, कुठून पडतो त्यावर आहे. त्यावर हे हसलेसुद्धा नाहीत. काल तर जेवणाच्या टेबलावर बूट! डोळे मिटून, हात मुद्दाम थरथरवत, लेस बांधायचा प्रयत्न चालला होता. मला काही समजेना. मी भाताचं पातेलं पुढे सरकवलं.

तुमच्या सावलीचं मी त्यांना सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला लग्नापासून ठाऊक आहे. ते तुम्हाला लिहितीलच, तेव्हा आधी बोलणी खायची तयारी ठेवा. या वहिनीवर राग धरू नका, धरलात तरी पत्र पाठवा.

तुमची,
वहिनी

६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्यांच्या हाडांचे फोटो काढत आयुष्य गेलं तुझं, आणि स्वतःचा फोटो भावापासून लपवतोस? मी तुझ्यावर दया करीन असं तुला वाटलंच कसं? तू तापाने फणफणला होतास तेव्हासुद्धा मी तुला पत्त्यांत हरवलं होतं. निकाल आला की त्याच दिवशी कळव.

आता दुसरं. तुझा घोळ माझ्यामुळे झाला, तेव्हा सांगतो.

जानेवारीत एक बाई आपल्या वडिलांना घेऊन आल्या. म्हाताऱ्यांचा पाय फरफटत होता, डॉक्टरांनी बूट लिहून दिला होता. मी पायाशी बसून माप घेत होतो. नाव विचारलं, तर मुलीने सांगितलं. माझा हात थांबला. वर पाहिलं. धाकट्या, तो कोळसेवाला होता. आता त्यांना तो म्हणवत नाही. हात सारखे कापतात. बोलणं इतकं जड झालंय की मुलगी ऐकते आणि आपल्याला सांगते.

मला काय करू नि काय नको असं झालं. त्यांना फोटो दाखवला. तोच, तेराव्या फेरीतला, भुवई फुटलेली आणि तोंडावर हसू. म्हटलं, ही लढत आम्ही दोघा भावांनी शेजाऱ्यांच्या खिडकीतून त्यांच्या टीव्हीवर पाहिली होती. त्यांनी बराच वेळ फोटो पाहिला. मग मुलीने सांगितलं, बाबांना ही लढत आठवत नाही. चौथ्या फेरीनंतरचं काहीच नाही. खोलीवर जाग आली तेव्हा लोकांनी सांगितलं की तुम्ही जिंकलात. मी त्या हसण्याबद्दल विचारलं. तर तिच्याकरवी म्हणाले, दात वाचवायला तोंडात धरायचं रबर सैल होतं. पडू नये म्हणून ओठ ताणून धरायचो.

इतकी वर्षं मी त्या हसण्यावर तुझ्याशी भांडलो रे. बघ, मार खातोय तरी हसतोय, म्हणून. निघताना त्यांना लेस बांधता येईनात. मुलगी वाकायला लागली तर त्यांनी तिला हाताने बाजूला केलं, आणि स्वतः बांधू लागले. कितीतरी वेळ. आम्ही दोघंही दुसरीकडे पाहत उभे राहिलो.

नंतर तुझं पत्र आलं. माझ्या लढतीत त्यांनी पंधरा फेऱ्या मार खायचा, तेव्हा कुठे जिंकायचं. तुझ्या लढतीत दुसऱ्या फेरीत पडायचं आणि घरी जायचं. मला तुझी लढत बरी वाटली. एवढंच. ते खरोखर पडले असते असं मला वाटतं का, ते विचारू नकोस. मला कळत नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या बाजूने होतो की त्यांच्या विरुद्ध, हेही आता कळत नाही.

पाणी भरपूर पी. जीव लावून आहे, हे ओळखून घे.

तुझा,
दादा

१४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी निकाल. नुसती पाण्याची गाठ आहे. तशीच राहू द्यायची, वर्षाने पुन्हा बघायचं. हिने ऐकल्यावर आधी रडून घेतलं, मग माझ्याशी दिवसभर अबोला धरला.

तुझं पत्र मी कामावरच वाचलं. घरी येऊन मनोऱ्याची लढत पुन्हा लावली. गंमत अशी, की पहिल्यांदाच मी त्याने मारलेले ठोसे सोडून त्याला लागलेले ठोसे पाहत होतो. सहाव्या फेरीत त्याच्या कानाखाली एक असा बसला की मी बसल्या जागी मान मागे घेतली. त्याचीही कोणी मुलगी असेल. मी टीव्ही बंद केला, आणि मग शेवट चुकला म्हणून पुन्हा लावला. आता माझं मलाच समजेना की मी नक्की कोणाच्या बाजूने आहे!

तुझी हार मला नको. परत घे किंवा घेऊ नकोस, पण अशी जिंकलेली बाजी घेऊन मी काय करू? पुढच्या पत्रात काय लिहायचं तेही सुचत नाहीये. तूच काहीतरी सुचव. लोभ तेवढा होता तसाच राहू दे, बाकी सगळं हललंय.

तुझा,
धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गाठीचं वाचून जिवात जीव आला. वहिनीने तुझं पत्र दोनदा मोठ्याने वाचून घेतलं.

काल ते बूट न्यायला आले होते. मी लेसऐवजी रुंद पट्टा लावलाय, तळहाताने दाबला की बसतो. त्यांनी स्वतः दाबला. उठून दोन पावलं टाकली, पुन्हा दोन टाकली. पाय उचलला जात होता. मुलगी फार खूश झाली.

मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि फोटो कुठे म्हणून विचारलं. मी गडबडलो. म्हटलं, पुसायला काढलाय. मुलगी म्हणाली, बाबा हल्ली मनोऱ्याच्या सगळ्या लढती बघतात. आता मला राहवेना. मी विचारून टाकलं, तुम्ही दोघं समोरासमोर आला असतात तर? तोंडातून निघालं आणि जीभ चावली.

त्यांनी मुलीला सांगायला लावलं नाही. स्वतःच बोलले, एकेक शब्द ओढून, पण मला सगळं कळलं. म्हणाले, त्याचा डावा हात परत जाताना खाली येतो. आणि उठून उभे राहिले. हात कापत होते ते कापतच होते. पण डावा पाय, मी केलेल्या बुटातला, वीतभर तिरका पुढे पडला आणि खांदा त्या लांब हाताच्या आतून गेला. पायांवरच माझं पोट चालतं, धाकट्या. तसं पाऊल मी कधी पाहिलं नव्हतं. मग तोल गेला. मी आणि मुलीने दोन्हीकडून धरलं. ती रागावली, बसा बघू आधी. ते बसले, धापा टाकत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, चौदाव्या फेरीत घेतला असता मी त्याला. पटतं का?

मी तुला शब्द देऊन बसलो होतो. ते दुसऱ्या फेरीत पडतात, हे मी त्यांना न विचारता ठरवून टाकलं होतं. आणि समोर ते उत्तराची वाट पाहत होते. मुलगी मान हलवून मला खुणावत होती, पण हो म्हणा की नाही म्हणा, ते काही मला कळलं नाही.

मी म्हटलं, पटतं.

ते गेल्यावर बराच वेळ मला कामाला हातच लावता आला नाही. मला खरंच पटलं, की त्यांच्यासाठी म्हटलं, की माझ्यासाठी? पटलं असेल तर त्या चौदा फेऱ्यांचं काय? मला काही उमगत नाही, आणि वहिनीला विचारलं तर ती म्हणते, आधी जेवून घ्या. फोटो मात्र पुन्हा लावलाय.

तेव्हा माझी हार मी मागे घेतो. तू मनोऱ्याच्या बाजूने काय ते लिही. त्याचा डावा हात परत जाताना खरंच खाली येतो का, ते नीट बघून कळव. पण बेताने लिही. आता आपण दोघंच ऐकणारे उरलेलो नाही, तेही आहेत.

तुझा,
दादा