पडक्या बुरुजाची दुरुस्ती

१ मार्च, सोमवार

लागलं एकदाचं सामान! तीन खोल्या, भरपूर उजेड, नळाला जोर, आणि घरमालकीणबाई खालीच राहत असूनही वर येऊन नाक खुपसत नाहीत. बदलीची ऑर्डर आली त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, हे बायकोनं आज तीनदा ऐकवलं. ऐकवू दे. कारखान्यात काम जुनंच, तयार पंप तपासायचे आणि खोट असेल तो बाजूला काढायचा. शिव्या फक्त नव्या माणसांच्या खायच्या.

बायकोला पाळणाघरात नोकरी मिळालीसुद्धा. दिवसभर पोरांमागे धावायचं, म्हणजे तिच्या जन्मजात खोडीला पगार मिळणार. ही बाई दोन मिनिटं एका जागी टिकत नाही. चहासुद्धा फिरत फिरत पिते, आणि मग तिचे अर्धवट भरलेले कप मला घरभर सापडत राहतात, एक तर आजच माझ्या बुटाशेजारी.

खिडकीपाशी आधीचे भाडेकरू एक टेबल सोडून गेलेत. जाड लाकूड, एक ओरखडा नाही. मालकीणबाई म्हणाल्या, नवराबायको दोघंच होते, फार नीटनेटके, शेवटी शेवटी तर वर कोणी राहतंय की नाही तेच कळत नसे. हवं तर वापरा म्हणाल्या. वापरतोय.

६ मार्च, शनिवार

वही-पेनांच्या दुकानामागच्या खोलीत चांगली पिकल्या केसांची माणसं दर शनिवारी खेळण्यातले सैनिक रंगवत बसतात, असं कोणी सांगितलं असतं तर मी फिदीफिदी हसलो असतो. आज मीच त्यांच्यात जाऊन बसलो. बोटाच्या पेराएवढे सैनिक असतात. ते रंगवायचे, मग टेबलभर टेकड्या, पूल, पडकी घरं मांडून फाशांनी लढाई खेळायची. म्होरक्याला सगळे कर्नल म्हणतात. गृहस्थानं जन्मभर विमा कंपनीत कारकुनी केली, फुगे फोडायची बंदूक सोडून दुसरी हातात धरली नाही. शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई, त्या दात कोरायची बारीक सुई रंगात बुडवून सैनिकांना मिशा काढतात.

सध्या त्यांची मैत्रीतली पैज चालू आहे. एप्रिल संपेपर्यंत ज्याला जेवढे जमतील तेवढे सैनिक रंगवायचे आणि शनिवारी आणून दाखवायचे. बक्षीस म्हणाल तर टाळ्या. नियम एकच. सैनिक ज्या गोल चकतीवर उभा असतो, तिची कड काळी केली की तो पूर्ण झाला. एकदा काळी कड दिली की परत हात लावायचा नाही, नाहीतर माणूस मरेपर्यंत एकाच नाकावर रंग चढवत बसतो, असं कर्नलनी मला बजावलं. मी डब्बाभर सैनिक घेऊन घरी आलो. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

१० मार्च, बुधवार

डोळे! कोणाच्या सुपीक डोक्यातून आलं हे डोळे काढायचं? मोहरीच्या निम्म्या जागेत पांढरं भरा, त्यात काळा ठिपका ठेवा. हात जरा हलला की एक बुबुळ नाकाकडे बघतं, दुसरं कानाकडे. दिवसभर मी दुसऱ्यांचे पंप नापास करतो आणि संध्याकाळी स्वतःला. वैताग आहे नुसता. दोन ब्रश मोडले, एक मुद्दाम.

बायको म्हणाली, ह्या सैन्याला शत्रू कुठल्या बाजूला आहे तेच कळायचं नाही. आणि हसत सुटली. ती हसली की डोळ्यांच्या कडांना सुरकुत्यांचं जाळं पसरतं आणि पुढचा वाकडा दात बाहेर येतो. हनुवटीवरचा तीळसुद्धा हसतो. मला रागातही बरं वाटलं. तिला अर्थातच सांगितलं नाही.

१३ मार्च, शनिवार

आज टाळ्या मिळाल्या आणि मला चोरासारखं झालं. काल कामावर जाताना टेबलावर सगळे तिरळे ठेवून गेलो होतो. परत येतो तर प्रत्येकाची नजर सरळ, गालांवर छटा, चकतीला काळी कड. बायकोशिवाय कोण? मी तिला म्हटलं, दया दाखवायची असेल तर भिकाऱ्याला दाखव, माझ्या कामाला हात लावू नकोस. ती म्हणाली, तिनं ब्रश धरलेला नाही, आणि धरला असता तर कबूल करायला ती काय मला घाबरते? चांगलंच वाजलं आमचं. पण तिचंही बरोबर आहे. तिला साधी नखं रंगवायचा धीर नाही.

क्लबात खरं सांगायला गेलो. कर्नल म्हणाले, किती हा विनय.

१९ मार्च, शुक्रवार

डोक्यात तिडीक गेलीय. 

सैनिक जमत नाहीत तर निदान रणभूमी करावी, म्हणून थर्माकोलचा एक पडका बुरुज केला होता. आणि तो मला साधला होता! पहिल्यांदा काहीतरी साधलं होतं. तुटका माथा, उभी भेग, भेगेत लाकडाचा भुसा हिरवा करून लावलेलं शेवाळं, कोसळलेल्या दगडांचा ढीग. बायको फिरता फिरता थांबून म्हणाली, इथे कोणीतरी राहून गेलंय असं वाटतं. तो आज संध्याकाळी टेबलावर नवाकोरा उभा होता. भेग बुजवलेली, शेवाळं खरवडलेलं, माथ्यावर नवे दगड एका ओळीत. बुडाला काळी कड.

अरे, तो पडकाच होता! पडका होता म्हणून बुरुज होता! जो कोणी हे करतोय त्याच्या हातात जादू असेल, पण डोक्यात भुसा भरलाय. त्याला सगळ्यात चूकच दिसते. मी तो बुरुज पायाखाली चेचला. बायको दारात उभी राहून बघत होती.

२४ मार्च, बुधवार

पंप तपासतो तसं तपासून पाहिलं. टेबलावर सुरू केलेले सैनिक कपाटात कोंडून किल्ली खिशात घेऊन गेलो. तरी पुरे झालेले. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत रंगवलेला, ज्यानं हे टेबल पाहिलंच नाही, तो मात्र जसाच्या तसा तिरळा. म्हणजे टेबलाला एकदा टेकलं की झालं, मग कुठेही न्या. मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आधीच्या बाई जाताना किती सुंदर दिसत होत्या, आणि विषय बदलला. कुठे गेल्या, विचारलं. म्हणाल्या, न्यायला टेंपो आला होता.

टेबल फेकून देणार. दोन माणसं सांगितलीत.

२८ मार्च, रविवार

माणसं आली नाहीत. कामचुकार लेकाचे.

बायकोला आठवडाभर ताप आलेल्या पोरांनी पिदडलंय. दुपारी भाजी निवडता निवडता टेबलावर गाल ठेवून झोपली. ती आणि झोप, तेही बसल्या जागी! मी पंखा वाढवला आणि आवाज न करता दुसऱ्या खोलीत गेलो. झोपू दे म्हटलं.

३० मार्च, मंगळवार

तिच्या हनुवटीवरचा तीळ गेला.

ती खूश आहे. पाळणाघरात सगळ्या विचारत होत्या म्हणे, काय लावलंस. मी बोट फिरवून पाहिलं. खूण नाही, खड्डा नाही. मी का गप्प आहे असं तिनं विचारलं. काय सांगू? टेबलावर डोकं ठेवलंस तेव्हा मी पंखा वाढवला, हे सांगू?

२ एप्रिल, शुक्रवार

मेहुण्याकडे आलोय. रजा मिळत नव्हती, भांडून घेतली. मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो. जाळं पसरलं नाही. आवाज हसण्याचा, कातडी जागची हलली नाही. मग तिनं आरसा घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मेहुणा म्हणतो, बहीण पाच वर्षांनी लहान दिसतेय, तुला काय पोटात दुखतंय?

४ एप्रिल, रविवार

परत आलो. तिथेही थांबलं नाही, म्हणजे आता टेबल फेकूनही उपयोग नाही. लहानपणची गुडघ्यावरची खूण गेली. हाताची भाजल्याची गेली.

आज तिनं बसून चहा प्यायला. पूर्ण. कप विसळून जागेवर ठेवला. मी घरभर शोधलं, एकही कप कुठे राहिलेला नाही.

६ एप्रिल, मंगळवार

तिच्या उजव्या टाचेच्या कडेला काळी रेघ आहे. बारीक, स्वच्छ. साबण लावला, रॉकेल लावलं, दगडानं घासलं. रक्त आलं, रेघ तशीच. तिनं पाय मागे घेतला नाही. मला म्हणाली, घासू नकोस, छान दिसतेय.

तिनं असं म्हटलं. तिनं!

९ एप्रिल, शुक्रवार

सापडलं! ज्या दिवशी टेबलावर बिघडलेले सैनिक भरपूर असतात, त्या दिवशी रेघ वाढत नाही. त्याला एका वेळी एकच काम जमतं. मग घे बाबा, घे! मी तिरळ्यांची फौज उभी करतो.

नुसता रंग फासून चालत नाही, तेही बघितलं. फासलेलं मी पाठ वळवेपर्यंत साफ. मनापासून करायला जावं आणि बिघडावं, तेच त्याला पुरतं. त्यात मला तोड नाही.

१७ एप्रिल, शनिवार

कामावर जात नाही. रंगवतो. मान अवघडली. रेघ थांबलीय, टाचेच्या अर्ध्यावर. काल तिनं चहाचा कप खिडकीत विसरला. मी तो कप हातात धरून रडलो. मग पुन्हा बसलो.

क्लबात मी सगळ्यांच्या पुढे आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा विश्रांती घ्या. त्यांच्यावर खेकसलो. वाईट वाटलं.

२१ एप्रिल, बुधवार

डोळा सरळ आला.

पहिलाच असेल, चुकून असेल. दुसरा काढला. सरळ. तिसरा— हात हलतच नाही. इतके काढले, इतके काढले, की हाताला कळलं. डाव्या हातानं धरला. दोन तास वाकडे आले, मग तोही—

ह्या हातांना आत्ताच शहाणपण सुचायचं होतं! मार्चमध्ये काय झालं होतं, मेल्यांनो?

२४ एप्रिल, शनिवार

जिंकलो म्हणे. कर्नलनी सैनिक भिंगाखाली धरला, एकही चूक नाही म्हणाले. खोलीभर टाळ्या. मला ओरडायचं होतं. एक तरी चूक काढा हो, कोणीतरी काढा—

घरी आलो. दात सरळ झालाय. दुसऱ्या टाचेलाही रेघ.

२५ एप्रिल, रविवार

सकाळपासून खिडकीशी उभी आहे. एक हात पडद्याकडे. विचारलं तर उत्तर देते. भूक नाही म्हणते. खाली बसवायला गेलो— गुडघे वाकत नाहीत— डोळ्यांत मात्र ती आहे. बघते माझ्याकडे. अजून आहे ती.

उजवी कड पूर्ण झाली. डावीत बोटभर जागा उरलीय. बोटभरच.

त्याला काम हवंय. मोठं, न संपणारं.

मी आहे की. वाकडं नाक, फाटका कान, पोट, टक्कल. आणि हा स्वभाव— लग्न झाल्यापासून ती दुरुस्त करतेय, तिला जमला नाही. त्याला जन्म पुरायचा नाही. तोवर ती— तोवर डावी कड तशीच—

तिला म्हटलं, मी टेबलावर डोकं ठेवतोय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ हलवायला बघत होती. नको म्हणत असणार.

रविवारच, दुपार

गाल टेबलावर. आडवा लिहितोय. लाकूड गार.

ये ना. ये, भुसाभरल्या डोक्याच्या. नाकापासून सुरू कर—

नाक नाही. कपाळ. आत कुठेतरी. ओलं, गार, ब्रशच्या केसांचं टोक. नाक सोड— ते काय करतोयस— आधी नाक—

दुखत नाही. उलट बरं वाटतंय. कर्नलचा राग नाही. मेहुण्याचा नाही. टेबल छान आहे. मघाशी मी कशावरून एवढा ओरडत होतो—

ती खिडकीशी उभी आहे. डोळ्यांतलं पाणी सुकलंय. डावी टाच इथून दिसते, कड पूर्ण, एकसारखी, सुबक. मी बघतोय. मला आत्ता काहीतरी वाटायला हवं होतं. मला आत्ता फार मोठ्यानं