ऐझिरेकचा नमदा

बिश्केक, ३ सप्टेंबर

ती. बुरुलचाताईस,
कुंदूजचा शि. सा. न.

तुझ्या ऐझिरेकचं लग्न महिन्यावर आलं आणि तिचा रुखवताचा नमदा अजून झालेला नाही, हे कळल्यापासून घास उतरत नाही. चटईत गुंडाळलेली लोकर दहा बायकांच्या पायांखालून गेल्याशिवाय अंथरायचा जाड नमदा कधी झालाय? आणि नमद्याविना पोरगी सासरी गेली, तर जन्मभर टोमणे खाईल. तू इस्लाम सोडून येशूला धरलंस म्हणून शेजारच्या सैरानं सगळ्या बायकांना तुझ्याकडे यायला बंदी केली म्हणे. ताई, गावच्या वडीलधाऱ्यांसमोर एकदा येशूला सोडलं म्हणून टाक. मनात हवं ते ठेव, मनात डोकावायला कोण येतंय?

रागावलीस तरी चालेल, पण माया कमी करू नकोस.
तुझी कुंदूज

कोक-बेलेस, १० सप्टेंबर

चि. कुंदूजला अनेक आशीर्वाद.

रागावले नाही गं. शहाणी तूच, हे अम्मापासून सगळे सांगत आलेत. पण तुझे भावजी गेले तेव्हा ज्यानं मला सावरलं, त्याला चारचौघांत ओळखत नाही म्हणू? ते जमायचं नाही.

मी आणि ऐझिरेकनं तीन दिवस दोघींनीच लोकर लाटली. चटई सोडली, तर नमदा मधोमध फाटलेला. अंगणात बसून पोटभर रडले. मग काय झालं कोण जाणे, मन एकदम हलकं झालं, अगदी आनंद म्हणावा असं. आजवर प्रार्थनेत मी सैराची कागाळी करायचे. त्या दिवशी तिच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी मागितलं. माझी जीभ तुला माहीत आहे, तेव्हा हा चमत्कारच समज. उद्या तिच्याकडे नमदा लाटायचा आहे. बोलावणं नाही, तरी जाणार.

रोज तुझी आठवण काढते, तूही काढत जा.
तुझी ताई

कोक-बेलेस, १२ सप्टेंबर

ती. मावशीस,
ऐझिरेकचा सा. न.

आई खरंच गेली. मी मागोमाग, लाजेनं अर्धी झालेली. ती सरळ ओळीच्या शेवटी उभी राहिली आणि चटईची गुंडाळी पायानं ढकलू लागली. दुपारपर्यंत तिचा पाय थांबला नाही, वर गुणगुणत होती. मावशी, इतके दिवस मी तिच्यावर चिडत होते. काल तिचा फार अभिमान वाटला.

चहाच्या वेळी सैराकाकूंनी तिला प्याला काठोकाठ भरून दिला. पी आणि नीघ, याहून स्पष्ट त्या काय सांगणार! आईनं तो संपवला, चहा छान झालाय म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. संध्याकाळी परत चहा आला. या वेळी काकूंनी तिच्या प्याल्यात जेमतेम दोन घोट ओतले, थांबवून घ्यायच्या पाहुण्याला ओततात तसे. मग खाली बघतच विचारलं, गुरुवारी तुमच्याकडे किती जणी लागतील. आईच्या आधी मीच दहा म्हणून सांगितलं.

दहा येतायत, मावशी. अकरावी तू ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ऐझिरेक