तीन म्हातारे लांबीची बोट

४ फेब्रुवारी, सकाळ
बोटीसाठी घराला लागून गॅरेज बांधायचं ठरलं. ठरवलं मी. धक्क्यावरच्या शेडवाल्याचा निरोप आलाय, शेड पाडणार, बोट हलवा. थोरला म्हणाला, आई, बाबा गेले, आता बोट चालवणार कोण, विकून टाकू. म्हटलं, बापाची वस्तू आहे, रद्दी नव्हे. मग जरा नरमला. म्हणाला, छपराखाली मावली तर ठेवू, पण उघड्यावर सडत ठेवायची नाही. कबूल केलं.
सगळ्यांना वाटतं मी दुःखात आहे. मला वेळ कुठाय.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप येत नाही तर रोज चार ओळी लिहीत जा. लिहितेय. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर त्यांच्यापेक्षा बरं आहे.

६ फेब्रुवारी
थोरल्यानं मोबाइलवर गॅरेजांची चित्रं दाखवली. नुसती खोकी. एकातही नळ नाही. बोट काय जिभेनं धुणार?
माझा प्लॅन पक्का. आत नळ. फरशीला उतार, शेवटी जाळी, म्हणजे ओली बोट आणली तरी तळं होणार नाही. भिंतीत एक झरोका खाली, एक वर, वारा खेळता राहिला की लाकूड ओल धरत नाही. वल्ह्यांना खुंट्या. मोटर टांगायला लाकडी घोडा. पेट्रोलचा डबा बाहेर, लोखंडी कपाटात. दिव्याचं बटण दाराशीच, चाचपडत शिरायला मी काही चोर नाही.
आणि मागच्या भिंतीला ओटा. सूनबाई म्हणाली, आई, गॅरेजमध्ये ओटा? म्हटलं, दोराच्या गाठी सोडवायच्या, मोटर पुसायची, जाळं शिवायचं, ते काय जमिनीवर फतकल मारून? जन्मभर ओट्याशी उभी राहिले. ओट्याशिवाय कामाची खोली असते हे मला कुणी सांगितलं नाही. तिनं नाक मुरडलं. तिचं नाक तसं जन्मतःच मुरडलेलं आहे.

८ फेब्रुवारी
गवंडी आला. काहीही सांगा, होऊन जाईल म्हणतो. उतार? होऊन जाईल. झरोके? होऊन जाईल. बोटीची लांबी विचारली. म्हटलं, उद्या धक्क्यावर जाऊन मोजून आणते.

९ फेब्रुवारी
गेले नाही. ऊन फार.

१० फेब्रुवारी
ढगाळ होतं. गुडघा धरला.

१२ फेब्रुवारी
निघाले होते. कोपऱ्यावर चपलेचा अंगठा तुटला. परत आले. चांभाराकडे टाकली नाही, तो काय आज देणार होता?

१३ फेब्रुवारी
थोरला म्हणाला, गाडीनं सोडतो, दोघं मिळून मोजू. म्हटलं, इतकी वर्षं झाली, बोट मला पाठ आहे, बघायला कशाला जायचं. तो लगेच बरं म्हणाला आणि ऑफिसला गेला. या मुलांना काम टाळायला नुसतं निमित्त लागतं.

१४ फेब्रुवारी
माप घेतलं. घरबसल्या.
बोट घेतली तेव्हा म्हाताऱ्यानं तिच्यात आडवं पडून मोजली होती, टेप नव्हता म्हणून. त्या माणसाकडे लागेल ती वस्तू कधीच नसायची. पुढे दिसेल त्याला सांगायचा, बोट म्हणजे माझ्यासारखे तीन आडवे, एक इंच कमी नाही की जास्त नाही. आता म्हातारा नाही, पण त्याचा पलंग आहे. भिंतीला डोक्याच्या तेलाचा डाग आहे, गादीत टाचांचा खड्डा आहे. डागापासून खड्ड्यापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. असं तीनदा. वर एक वीत मोकळी सोडली. ओटा या मापात धरलेला नाही, तो वेगळा. मी काही दुधखुळी नाही.
सुतळी गवंड्याला दिली. म्हणाला, आजी, असं माप इंजिनियर देत नाहीत. खरं बोलणारी माणसं कमी राहिलीत.

२० फेब्रुवारी
पाया झाला. सूनबाई म्हणते, तुम्ही जेवत नाही. म्हटलं, जेवले. जेवले असणारच, ताट घासलेलं होतं.

२ मार्च
ओटा झाला. माझ्या कंबरेला बरोबर. झरोके गवंडी विसरला होता, दोन्ही फोडायला लावले.
सूनबाई म्हणाली, बाबांचा पलंग हलवायचा का, खोली मोकळी होईल. म्हटलं, आधी गॅरेज फायनल होऊ दे. एका वेळी एकच टेन्शन.

१५ मार्च
शटर बसलं. बोट आली की नियम: चहा गॅरेजात. रोज बोट पुसायची. थोरल्याकडून मोटर शिकायची. पाण्यावर मला बोट लागते, मळमळतं, म्हणून मी तिच्यात एकदाही बसले नाही, म्हातारा बोलावून बोलावून थकला. आता बसणार. घरातल्या घरात बसायला काय लागतं.

१८ मार्च
बोट आली.
टेम्पोवाला, गवंडी, थोरला, तिघांनी ढकलली. नाक ओट्याला टेकलं. बूड बाहेर. शटर खाली ओढलं तर बोटीवर येऊन थांबलं. टेम्पोवाला म्हणाला, तिरकी घ्या. घेतली. तिरकं बूड बाहेर. गवंडी म्हणाला, माप आजींचं होतं, आणि विडी ओढायला गेला. ओटा फोडून बघायचं का विचारलं, तर तिथूनच म्हणाला, तेवढ्यानंही पुरत नाही. मागं शेजाऱ्याची भिंत, पुढं रस्ता.
थोरल्यानं विचारलं, मोजलंस कसं. सांगितलं. तो पलंगाच्या खोलीत गेला, बाहेर यायला वेळ लावला. म्हणाला, आई, बाबा शेवटी गुडघे पोटाशी घेऊन झोपायचे.
म्हटलं, मला सांगतोस? पांघरूण मीच घालत होते.
माहीत होतं. सुतळी धरताना लक्षात आलं नाही, इतकंच. उभा असला की म्हाताऱ्याचं डोकं चौकटीला लागायचं. तेही माहीत होतं.

२० मार्च
बोट अर्धी आत, अर्धी बाहेर. बाहेरच्या अर्ध्यावर प्लास्टिक. शेजारीण सांत्वनाला आली आणि शटरची किंमत विचारून गेली.
थोरला म्हणाला, आपलं काय ठरलं होतं? म्हटलं, छपराखाली मावली तर. मी दिलेला शब्द फिरवत नाही.

२३ मार्च
गिऱ्हाईक आलं. रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर, सोबत बायको. बोटीला वाकून वाकून बघितलं. विचारलं, हिच्यात काही दोष? म्हटलं, हिच्यात नाही. पण ही असली की माणूस घरी राहत नाही. बायको हसली. मास्तर हसले नाहीत.
त्यांना खालवर झरोके ठेवायला सांगितलं. वल्ही उभी टांगायला सांगितली. मास्तर म्हणाले, आजी, तुम्हाला बरंच कळतं बोटीतलं. म्हटलं, ऐकून ऐकून.
टेम्पो तोच आला. मी दाराशी उभी होते. काही वाटलं नाही. कोपऱ्यावर वळताना ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तो कशाला ते कळलं नाही, रस्ता मोकळा होता.
संध्याकाळी थोरला गॅरेजात ओट्याला टेकून उभा. मला म्हणाला, मीच जाऊन मोजायला हवी होती. म्हटलं, तुला वेळ नव्हता. म्हणाला, वेळ होता, आई. जावंसं वाटत नव्हतं.
म्हटलं, चहा टाकते. दोन कप केला. सूनबाईसाठी ठेवायचा राहिला. तिनं तिचा तिनं करून घेतला. हे नवीनच.

२५ मार्च
थोरल्यानं विचारलं, आता गॅरेजात काय ठेवायचं. म्हटलं, काही नको. असू दे रिकामं.
म्हणाला, रिकामं कशाला?
चहा केला, गॅरेजात ओट्यावर नेऊन ठेवला. त्यानं तिथंच उभ्यानं प्यायला. मग ऑफिसला गेला.