आइसलँडी बाणा आणि वरच्या मजल्यावरचा डेंटिस्ट

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून आइसलँड. लायब्ररीतून तिथल्या जुन्या गाथांचा जाडजूड खंड आणला. इंग्रजीत आहे, पण मार्चपर्यंत मूळ भाषा शिकूनच टाकावी म्हणतो. संकल्प: रोज पन्नास पानं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चार पानं झाली. नायक अजून जन्मला नाही. त्याच्या पणजोबांचे मामा नुकतेच बोटीतून उतरलेत. काय वाङ्मय आहे! घाई म्हणून नाही.

६ फेब्रुवारी
नायक जन्मला. माणसं असावीत तर अशी. बोट बुडतेय, पाणी कमरेला लागलंय, आणि हा गडी म्हणतो, पायमोजे ओले झाले वाटतं. आमच्या घरात डास चावला तरी अर्धा तास चर्चा. ठरलं: यापुढे कमी बोलायचं. तक्रार नाही. चेहरा दगडाचा.

७ फेब्रुवारी
दिवसभरात फक्त अकरा शब्द बोललो. काही फरक जाणवतोय का, असं बायकोला विचारलं, त्यात आणखी चार गेले. ती म्हणाली, घरात फार छान वाटतंय.

११ फेब्रुवारी
आज वैर सुरू. बाल्कनीत वाचत होतो. वर राहणाऱ्या आणि तिथेच दवाखाना चालवणाऱ्या डेंटिस्टने कुंड्यांना पाणी घातलं, ते थेट पान ६१ वर. ऐन खुनाच्या प्रसंगावर. गाथांमध्ये एवढ्यावरून तीन पिढ्या खपतात. मी ओरडलो नाही. थोर माणूस ओरडत नाही, लक्षात ठेवतो. यापुढे जिन्यात भेटला की थांबायचं, जबडा आवळायचा, डोळ्यांत डोळे घालून बघायचं. चकार शब्द काढायचा नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
भेटला. आवळला. तो आधी हसला, मग माझ्या गालाकडे बघत राहिला. चेहराच उतरला त्याचा. टरकला!

१५ फेब्रुवारी
वैराला नात्यातली माणसं लागतात. मेहुण्याला फोन केला, माझ्या बाजूने उभा राहशील ना? म्हणाला, भाऊजी, हे काय विचारणं झालं. कुणाविरुद्ध ते सांगितल्यावर म्हणाला, माझं रूट कॅनल अर्धवट आहे, त्याच्याकडेच, तर पुढच्या महिन्यात बघू. चुलतभावाला कवळी बसवायचीय. तीही तिथेच. शत्रूने माझ्या कुळात आधीच हातपाय पसरलेत.

१९ फेब्रुवारी
ऑफिसातही बाणा लागू केला. वीज कंपनीच्या तक्रार विभागात बसून बावीस वर्षं लांबलचक उत्तरं लिहिली, आता बस्स. आजचं उत्तर: मीटर जळाला. तो जुना होता. तुम्ही अजून आहात. साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, ग्राहकाला माफीचं पत्र पाठवा, किमान दोन पानी. जबडा आवळून लिहिलं.

२४ फेब्रुवारी
शत्रू खचला. आज जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारतो, काही त्रास होतोय का? म्हणजे तहाची बोलणी! मी जबडा आणखी आवळला. उजवीकडे, आत कुठेतरी, कट् असा आवाज आला. बहुधा गुडघा.

२५ फेब्रुवारी
गुडघा नव्हता. दाढ.
बायको म्हणते, वर जा, बावीस तर पायऱ्या आहेत. शत्रूच्या दारात? जीव गेला तरी नाही. इज्जतीचा सवाल आहे. शिवाय मी कण्हत नाहीये. ती म्हणते, कण्हताय, स्वयंपाकघरात ऐकू येतंय.

२७ फेब्रुवारी
गाल सुजला. पान ६४. नायकाचा पाय तुटला आणि तो उरलेल्या पायावर चालत घरी गेला, वर जेवलाही. साफ खोटं आहे हे.

२८ फेब्रुवारी, दुपारी
वर गेलो. खुर्चीत बसल्याबसल्या वैर तोंडावर जाहीर करायचं पक्कं ठरवलं होतं. त्याने आधी इंजेक्शन दिलं. तरी मी सगळं बोललो: कुंड्या, पान ६१, तीन पिढ्या. बाहेर नुसती लाळ आली. तो म्हणाला, बोलू नका, मला समजतंय.

मग काम करता करता सांगत होता. म्हणे, पहिल्याच दिवशी जिन्यात जबडा बघून त्याने ओळखलं, दाढ दुखतेय. यांचा स्वभाव भिडस्त, आपणहून यायचे नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी माझ्यासाठी अर्धा तास मोकळा ठेवत होता. आता उशीर झाला, दाढ काढावी लागेल. काढली.

फार वाईट वाटलं. दाढेचं नाही. सतरा दिवस मी एकटाच भांडत होतो.

घरी येऊन बोलता येईना, म्हणून बायकोला सगळी हकीकत कागदावर लिहून दाखवली. तिने शांतपणे वाचली. म्हणाली, पुढच्या वेळी वैर धरलंत तर समोरच्याला कळवत जा.