बाहेरची खिटी

रस्त्याचा तळ,
४ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कारखान्यातून निघालेली गाडी काल दुपारी पोचली. ड्रायव्हरने हॉर्न द्यायच्या आतच अर्धा तळ भोवती गोळा झाला. जुन्या बसचं हे काय करून टाकलंत? मी तुमची चित्रं पाहिली होती, तरी गाडी ओळखू आली नाही.

रस्ता बांधणाऱ्या मजुरांची ही मुलं कुठल्याच शाळेत टिकत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. रस्ता पुढे सरकला की आईबाप पुढे सरकतात आणि नाव घातलेली शाळा मागे राहते. म्हणून शाळेनेच तळाबरोबर चालावं, एवढंच मी संस्थेकडे मागितलं होतं. बाकी सगळं डोकं तुमचं.

बाकांऐवजी तुम्ही दिलेल्या पेट्यांचा आज सकाळी पूल झाला, मग दुकान झालं. मग दुकान का चालत नाही यावरून भांडण झालं आणि त्या भांडणात वजाबाकी शिकवून झाली. मला खडू हातात घ्यावाच लागला नाही. भिंतींना फळ्याचा रंग थेट जमिनीपर्यंत दिल्यामुळे अगदी लहानगीसुद्धा लिहितात, म्हणजे रेघोट्या मारतात, पण ऐटीत.

खरी करामत मात्र त्या उघडणाऱ्या बाजूची. आतली खिटी सरकवली की अख्खी भिंत खाली येते, तिची कड जमिनीला टेकते आणि तिचा उतरता ओटा होतो. मग वर्ग आत आहे की बाहेर, हेच कळत नाही. खिटी मुलांच्या हाताला येईल इतकी खाली हवी, असा हट्ट मी धरला होता आणि तुम्ही तो पुरवलात. खाली कुणी नाही ना हे मी बघते, मग मुलं आतून उघडतात. आपला वर्ग आपण उघडायचा, याचं त्यांना फार अप्रूप आहे. कुणी उघडायचं यावरून पाळ्या लावाव्या लागल्या.

संस्थेचे सचिव गाडीबरोबर आले होते. वर्गाचं तोंड नेमकं कुठल्या बाजूला, असं त्यांनी विचारलं. आमच्यात एक मुलगी आहे, एका जागी क्षणभर ठरत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिने त्यांना सांगितलं की तुम्ही तोंड कराल तिकडे. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

तुमचा खोकला कसा आहे? पत्र पाण्याच्या टँकरवाल्याकडे देते आहे, तोच आमचा पोस्टमन. मामीला नमस्कार. माया अशीच असू द्या आणि हट्टही असेच पुरवत राहा.

तुमची भाची,
ठमी


कारखाना,
१५ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वेल्डिंगवाल्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवलं. भिंगरीचं उत्तर ऐकून त्यांनी काम थांबवलं, म्हणजे माझं नुकसानच झालं. तिला सांग, मामा रागावलाय.

शाळेत माझी जागा शेवटच्या बाकावर, खिडकीशी होती. खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागाला रंग दिलेला होता आणि खालचा अर्धा पक्का बंद. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. उभ्या वर्षात मी काय शिकलो ते आठवत नाही, पण तो रंग नखाने कुठवर खरवडला होता ते आठवतं. तुझ्यासाठी गाडीचं चित्र काढायला बसलो तेव्हा पहिल्यांदा ती भिंत काढली, उघडी. चाकं नंतर काढली. तुझी मामी म्हणाली, आधी गाडी चालेल का ते बघा.

सचिवांचा निरोप आला आहे. त्यांना आणखी अशा गाड्या हव्या आहेत, दुसऱ्या तळांसाठी. मला फार बरं वाटलं, उगाच नाही म्हणत नाही. बिजागऱ्यांना तेल देत जा, धुळीने त्या अडकतात. आणि स्वतःच्या पोटाकडेही बघ. मागच्या फोटोत गळ्याची हाडं दिसत होती.

आम्हां दोघांचा जीव तुझ्यात अडकलेला आहे, हे विसरू नकोस.

तुझा
मामा


तालुक्याचं हॉस्पिटल,
२ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

वाईट बातमी आहे. भिंगरीच्या पावलावर भिंत पडली.

परवा सकाळी टँकर आला होता. पाणी मोजून घ्यायला मी गाडीच्या पलीकडे गेले. मी येईपर्यंत उघडायचं नाही, असं सांगून गेले होते. आत जिची पाळी होती ती भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण. बाहेरून सगळ्यांचा गलका येत होता. त्या गलक्यात मीच 'उघडा' म्हणाले, असं तिला वाटलं. तिने खिटी सरकवली. भिंगरी खाली वाकून चप्पल शोधत होती. तिने अंग मागे घेतलं, पाय राहिला.

पाऊल वाचलं आहे. पुढची बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणतात, ती चालेल, पण आधी चालत होती तशी नाही.

तिची आई रस्त्यावर खडी पसरते. तिला कामावरून मीच बोलावून आणलं. वाटेत ती एक शब्द बोलली नाही, अजूनही बोललेली नाही. मी कॉटच्या या बाजूला बसते, ती त्या बाजूला. मी तिथून हलावं असं तिला वाटतं का, हेही मला कळत नाही. पलीकडे गेले ती मी. हे तुम्ही स्वतःवर घेऊ नका, एवढ्यासाठी लिहिते आहे.

तुमची
ठमी


कारखाना,
६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद.

तू पलीकडे गेलीस, कारण पाणी घेणं हे तुझंच काम होतं. दोष तुझा नाही. माणूस नजर ठेवील या भरवशावर सोडलेली वस्तू अर्धीच बनवलेली असते. ती अर्धी वस्तू मी तुझ्याकडे पाठवली आणि कौतुक करून घेतलं.

परवा माझा माणूस तिकडे निघतो आहे. तो ती भिंत बोल्ट मारून कायमची बंद करील, खिडक्यांना जाळी बसवील, चढायला मागच्या दाराच्या पायऱ्या तेवढ्या ठेवील. बसचे मूळचे बाक कारखान्यात पडून होते, तेही पाठवतो. पेट्या परत धाड. सचिवांशी बोलणं झालं आहे. त्यांचंही म्हणणं असंच होतं, फक्त ते माझ्या आधी म्हणायला धजत नव्हते.

पुढच्या गाड्यांचं काम मी सोडलं. यापुढे मालाच्या गाड्या बांधीन. माल ठेवला तिथे राहतो.

तुझी मामी दोन दिवस जेवलेली नाही. ती सारखी मुलीच्या आईबद्दल विचारते. हॉस्पिटलला काय लागेल ते कळव. तिथे येऊन तिच्यासमोर उभं राहायला हवं, हे मला समजतं. अजून जमत नाही.

मामा


रस्त्याचा तळ,
१ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या माणसाने काम चोख केलं. भिंत आता हत्तीने ढकलली तरी उघडणार नाही. मुलं बाकांवर रांगेत बसतात. मी फळ्यावर लिहिते, ती उतरवून घेतात. सचिव येऊन समाधानाने परत गेले. भांडणं बंद झाली आहेत आणि त्याबरोबर प्रश्नही. जिने खिटी सरकवली होती ती मैत्रीण रोज येते, कोपऱ्यात बसते आणि कुणाशीही बोलत नाही. मी नाव पुकारलं तरी फक्त हात वर करते.

भिंगरी मागच्या आठवड्यात परत आली, कुबडी घेऊन. दाराच्या पायऱ्या उंच आहेत. तिने दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा पडली. मी उचलून घेते म्हटलं तर तिने मला ढकललं. तेव्हापासून ती गाडीच्या सावलीत खाली बसते आणि जाळीतून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकते. मामा, त्या भिंतीचा ओटा असता तर ती कुणाची मदत न घेता वर्गात चालत गेली असती. जिच्यासाठी आपण भिंत बंद केली, तीच तेवढी बाहेर राहिली.

तिच्या आईकडे मी रोज संध्याकाळी जात होते. ती स्वयंपाक करायची, मी दारात बसायची आणि उठून यायची. परवा ती बोलली. तिने विचारलं की आता पोर आत कशी जाणार. मग गाडी कुणी बनवली ते विचारलं. माझ्या मामाने, असं मी सांगितलं. ती बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली की भिंत पुन्हा उघडायची असेल तर उघडा, पण पहिल्यांदा उघडेल तेव्हा ज्याने बनवली त्याने खाली, तिची पोर होती त्याच जागी उभं राहायचं. ती स्वतः तिथे असेल. पोरीला पाठवायचं की नाही ते त्यानंतर ठरवील.

तिचे शब्द मी कमी-जास्त केलेले नाहीत. काय करायचं ते तुम्ही ठरवा. मालाच्या गाड्या बांधणारे मामा मला ओळखीचे वाटत नाहीत, एवढंच सांगते.

तब्येत जपा. माझ्यावर राग धरू नका.

तुमची
ठमी


कारखाना,
२० मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी भिंत करत होतो. उत्तर म्हणून दुसरं काय पाठवणार?

जुनी भिंत काढून टाकायची. नवी निम्म्याहून हलकी आहे आणि मोटारीची डिकी सावकाश उचलतात तसले दाबाचे दांडे तिला दोन्ही बाजूंनी लावले आहेत. ती पडत नाही, उतरते, आणि वाटेत काहीही लागलं की तिथेच थांबते. पण माझा भरवसा दांड्यांवर नाही, खिट्यांवर आहे. खिट्या आता दोन आहेत, एक आत आणि एक बाहेर, दोन्ही मुलांच्या उंचीला. दोन्ही सरकल्याशिवाय भिंत हलत नाही. आतल्याने बाहेरच्याला हाक मारायची, बाहेरच्याने खाली बघायचं आणि मग दोघांनी मिळून उघडायचं. कुणी नजर ठेवील याची वाट न बघता ती दोघं एकमेकांवर नजर ठेवतील. मुलांचं उघडणं मुलांकडेच राहील.

तुझ्या मामीला आत ठेवून करून पाहिलं. तिने तीनदा हाक मारली, यंत्राच्या आवाजात मला ऐकू आली नाही, म्हणून मी उघडली नाही. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून हेच चाललं आहे. बऱ्याच दिवसांनी घरात कुणी हसलं.

सचिव तयार नव्हते. मी त्यांना भिंगरी कुठे बसते ते सांगितलं आणि तुझं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी एका गाडीपुरती परवानगी दिली आहे, तीही मुलीच्या आईने हो म्हटलं तरच.

मी स्वतः भिंत घेऊन येतो. भीती वाटते का, असं तू विचारशील. वाटते. भिंतीची नाही, त्या बाईची.

भेटूच. तोवर जिवाला जप.

तुझा
मामा


रस्त्याचा तळ,
८ एप्रिल

ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

मामा आज सकाळी परत निघाले. घरी पोचल्यावर ते तुम्हाला सगळं ठीक झालं म्हणतील आणि हातपाय धुवायला जातील, म्हणून मी लिहिते आहे.

भिंत बसवायला दोन दिवस लागले. काल कामाला सुट्टी होती, सगळे जमले. भिंगरीची आई आली आणि मामांनी तिला हात जोडले. तिने जोडले नाहीत. फक्त जागा दाखवली. मामा चष्मा नीट करून तिथे जाऊन उभे राहिले.

आतली खिटी मी सरकवली. बाहेरची मामांचा माणूस सरकवणार होता. भिंगरीच्या आईने त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः खिटीवर हात ठेवला. मामी, ती लगेच सरकवेना. मामांकडे बघत राहिली. मी आतून फटीतून बघत होते. मामांनी मान खाली घातली नाही, तिच्याकडेच बघत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

मग तिने खिटी सरकवली. भिंत सावकाश खाली आली, मामांच्या खांद्याला टेकली आणि थांबली. भिंगरीची आई पुढे झाली. खालून तळहात लावून तिने भिंतीचं वजन पाहिलं, एकदा वर ढकललं, पुन्हा खाली येऊ दिलं. असं दोन-तीनदा केलं. मग मामांना सांगितलं की आता बाजूला व्हा. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली की तिने माफ केलेलं नाही, ते तिच्याकडून व्हायचं नाही, पण पोर उद्यापासून येईल.

मामांनी मान हलवली.

भिंगरी मात्र उद्याची वाट न बघता कुबडी टेकत ओट्यावरून वर चढली. कुणाचाही हात धरला नाही. आत जाऊन चारी बाजूंना पाहिलं आणि हे बाक कुणी आणले, असं विचारलं. मामांनी पाना घेतला आणि अंधार पडेपर्यंत एकेक बाक सोडवून बाहेर काढला. जेवायला या म्हटलं तर नको म्हणाले. नंतर पाहिलं तर भिंगरीच्या आईने भाकरी-भाजी पाठवली होती. ती मात्र त्यांनी खाल्ली.

त्यांना दोन दिवस काही विचारू नका. आणि तुमचं लक्ष असंच आम्हां सगळ्यांवर राहू द्या.

तुमची
ठमी


रस्त्याचा नवा तळ,
१४ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तळ हलला, शाळाही हलली. पहिल्यांदाच असं झालं की शाळा मागे राहिली नाही, मुलांच्या मागोमाग आली. सचिवांचं पत्र तुम्हाला मिळालंच असेल. दुसऱ्या तळांच्या गाड्या पुन्हा हातात घ्या. नाही म्हणू नका.

खिट्यांच्या पाळ्या पुन्हा लावल्या, पण बाहेरच्या खिटीची नाही. ती भिंगरीने स्वतःकडे घेतली आहे आणि कुणी वाद घातला नाही. पहिले काही दिवस आतल्या खिटीवर कोण असेल त्याने हाक मारली की ती उघडायची. मग तिच्या मैत्रिणीची पाळी आली. मी तिला सोडून पुढच्या मुलीचं नाव घेणार होते, तर भिंगरीने बाहेरून सांगितलं की पाळी जिची आहे तिलाच द्या.

ती आत खिटीशी जाऊन उभी राहिली. मुलं चुळबुळ करायला लागली, मी त्यांना गप्प केलं. मग तिने भिंगरीला नावाने हाक मारली. तीन महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला. भिंगरी गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, वाकून खाली बघितलं, धाकट्या दोघांना मागे सारलं, पुन्हा एकदा बघितलं. आत सगळी खोळंबली होती. तिला घाई नव्हती. मग तिने आतल्या मैत्रिणीला सांगितलं की आता चालेल.

तिची आई समोर रस्त्यावर कामाला असते, इथून दिसते. रोज सकाळी त्या वेळेला ती खडीचं घमेलं खाली ठेवते आणि कमरेवर हात ठेवून इकडे बघत राहते. भिंत जमिनीला टेकली की घमेलं उचलते.

पत्र लवकर पाठवा. तुमच्या मायेची आम्हां सगळ्यांनाच सवय झाली आहे, ती मोडू नका.

तुमची
ठमी